गेमिंग संगणकाचा तयार संच घेताना



दहावी-बारावीच्या परीक्षा आटोपल्या आणि उसाचे बिल खात्यावर जमा झाले की अलीकडे बऱ्याच घरांत एक नवी मागणी पुढे येते. पूर्वी पोरं सायकल मागत, पुढे मोटारसायकल मागू लागली, आता ‘गेमिंग पीसी’ मागतात. वडीलधाऱ्यांना त्यातले फारसे उमगत नाही, आणि पोरांना वाटतं की आपल्याला सगळंच उमगतं. अशी जोडी दुकानात शिरली की दुकानदाराचे काम फार सोपे होते.

मुलांनी खेळावे की खेळू नये, किती वेळ खेळावे, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. त्या वादात येथे पडावयाचे नाही. मात्र रक्कम लहान नाही, एवढे ध्यानात घ्यावे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्यास ठरविलेली एफआरपी टनाला ३,५५० रुपये होती. म्हणजे एकाहत्तर हजारांचा संच घेतला तर वीस टन उसाचे पैसे गेले, तेही तोडणी-वाहतूक वजा होण्याआधीचे. ज्या मालासाठी आपण वर्षभर राबलो त्याचे पैसे देताना बदल्यात नेमके काय मिळते आहे, हे पाहणे आपले काम आहे. शिवाय असा संच चांगला निघाला तर तो खेळापुरताच राहत नाही. इंजिनिअरिंगचे ड्रॉइंग, व्हिडिओ जोडणे, प्रोग्रॅम लिहिणे ही कामे त्यावर उत्तम होतात.

आधी कोणता खेळ, ते विचारा

दुकानात जाण्यापूर्वी घरीच मुलाला किंवा मुलीला विचारावे, ‘तुला नक्की काय खेळायचंय?’ उत्तर ‘बीजीएमआय’ किंवा ‘फ्री फायर’ असेल तर हे फोनवरचे खेळ आहेत, त्यासाठी संगणकाची गरज नाही. ‘व्हॅलोरंट’, ‘काउंटर-स्ट्राइक २’, ‘माइनक्राफ्ट’ असे उत्तर आले तर मध्यम संच पुरतो. ‘जीटीए ५’ हा संगणकावर २०१५ साली आलेला खेळ, तोही मध्यम संचावर नीट चालतो. गेल्या दोन-तीन वर्षांत निघालेले मोठे, चित्रपटासारखे दिसणारे खेळ हवे असतील तर मात्र खर्च वाढतो.

जाता जाता सांगतो, स्वित्झर्लंडच्या एका कंपनीचा ‘फार्मिंग सिम्युलेटर’ नावाचा शेतीचा खेळ आहे आणि २०१७ च्या प्लॅटिनम आवृत्तीपासून त्यात ऊससुद्धा आला. लागण करा, यंत्राने तोडा, ट्रॉली भरून विकायला न्या. त्यात टोळीला उचल द्यावी लागत नाही आणि तोडणीच्या तारखेसाठी चिटबॉयच्या मागे फिरावे लागत नाही. आपल्यापैकी काहींना तो मुलांपेक्षा जास्त आवडेल!

खोक्यात काय काय असते

संगणकाचे खोके उघडले की आत सहा-सात वस्तू दिसतात. कारखान्याच्या भाषेत सांगायचे तर मदरबोर्ड म्हणजे सगळी यंत्रे जिच्यावर बसवली ती जमीन. प्रोसेसर हिशेब करतो आणि हुकूम सोडतो. एसएसडी म्हणजे गोदाम, तेथे माल कायमचा साठवलेला असतो. रॅम म्हणजे गव्हाण. या घडीला जो माल लागणार तेवढाच तिच्यावर असतो. पॉवर सप्लाय, ज्याला दुकानदार एसएमपीएस म्हणतात, ते पॉवर हाऊस. आणि ग्राफिक्स कार्ड हे चित्र काढणारे यंत्र. साध्या संगणकात ते वेगळे नसले तरी चालते. गेमिंगच्या संचात मात्र तेच मुख्य.

हे कार्ड एवढे मुख्य का? नेहमीच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण वीस लाखांवर. खेळ गुळगुळीत दिसायचा तर हे सगळे ठिपके सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवावे लागतात. एका सेकंदात बारा कोटींच्या वर ठिपके झाले. हे काम प्रोसेसरला एकट्याने झेपत नाही, ते कार्डाकडे जाते.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. कारखान्यात मिल रोज पाच हजार टन गाळणारी बसवली आणि बॉयलर अडीच हजारांच्या वाफेचा असला, तर गाळप किती होईल ते सभासदांना सांगायला नको. संगणकाचे तसेच आहे. सगळ्यात कमी ताकदीचा भाग जेवढे झेपवील तेवढेच काम निघते. तयार संच विकणारे नेमकी येथे गंमत करतात. ज्या भागाचे नाव गिऱ्हाइकाला माहीत आहे तो भाग मोठा दाखवायचा, आणि ज्याचे नाव कुणी विचारत नाही तेथे पैसे वाचवायचे. म्हणून जाहिरातीत काय लिहिले आहे यापेक्षा काय लिहिलेले नाही, ते आधी पाहावे.

नुसते ‘आय ७’ म्हणजे काय?

‘आय ७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, रंगीत दिवे, एक वर्ष वॉरंटी’ अशी जाहिरात सर्रास दिसते, आणि किंमत आश्चर्य वाटावे इतकी कमी असते. हिच्यातला शब्दन् शब्द खरा असूनही माल टाकाऊ असू शकतो.

आपण बेणे घेताना काय करतो? समोरचा म्हणाला, ‘को जातीचं बेणं आहे,’ तर आपण लगेच विचारतो, ‘को म्हणजे कोणतं? को ७४० का को ८६०३२?’ दोन्ही ‘को’च. पण एक आपल्या वाडवडिलांच्या काळातले आणि दुसरे आज शिवारभर दिसते ते. ८६०३२ मधला ८६ हा आकडा १९८६ साल सांगतो, हेही जाणत्या सभासदांना ठाऊक आहे. प्रोसेसरच्या नंबराचे असेच वाचन करता येते. ‘आय ७’ ही नुसती जात झाली; पुढचा आकडा पिढी सांगतो. आय ७-२६०० हा दुसऱ्या पिढीचा, २०११ सालचा. आय ७-३७७० तिसऱ्या पिढीचा, २०१२ सालचा. आय ५-१२४०० हा बाराव्या पिढीचा, २०२२ सालचा. यातला १२१०० नंबरचा ‘आय ३’सुद्धा त्या जुन्या ‘आय ७’ला सहज मागे टाकतो. तेव्हा आय ३ धाकटा आणि आय ७ थोरला हा हिशेब फक्त एकाच पिढीतल्या भावंडांत खरा, हे ध्यानात ठेवावे.

स्वस्त संचात बहुधा हाच दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर असतो. तो कुठल्या तरी ऑफिसातल्या मोडीत निघालेल्या संगणकातून काढलेला असतो आणि ‘एच ६१’ जातीच्या मदरबोर्डावर बसवलेला असतो. असा मदरबोर्ड नव्या खोक्यात, नव्या वॉरंटीसह मिळतो, म्हणून बिल नव्याचे होते. त्याला डीडीआर ३ ही जुनी रॅम लागते. दुकानात संगणक सुरू होतो, दिवे लागतात, गाणे वाजते. घरी आणल्यावर खरी अडचण कळते. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला. विंडोज ११ साठी कंपनीच्या यादीप्रमाणे इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. जुन्या संचात यातले काहीच बसत नाही. खटपटी करून विंडोज ११ चढवतात, पण ‘व्हॅलोरंट’सारखा खेळ विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट नसेल तर सुरूच होत नाही. म्हणजे ज्या खेळासाठी पोरानं हट्ट धरला तोच चालत नाही.

इंटेलच्या नंबरापुढे इंग्रजी ‘एफ’ अक्षर असेल, जसे आय ५-१२४००एफ, तर त्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवायची स्वतःची सोय नसते. तो थोडा स्वस्त पडतो आणि वेगळे कार्ड आहेच म्हटल्यावर त्यात वावगे काही नाही. फक्त पुढेमागे कार्ड बिघडले तर ते दुरुस्त होईपर्यंत पडदा काळा राहील. एएमडी या दुसऱ्या कंपनीचे रायझन प्रोसेसरही चांगले आहेत. रायझन ५ ५६०० हा ‘एएम ४’ बैठकीचा. रायझन ५ ७६०० हा ‘एएम ५’ बैठकीचा. ही बैठक २०२२ साली आली आणि तिला डीडीआर ५ रॅमच लागते. ज्यांना पुढे तीन-चार वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलून संच ताजा करायचा आहे त्यांनी एएम ५ घ्यावी, असे माझे मत आहे. ज्यांचे पैसे मोजके आहेत त्यांना एएम ४ किंवा इंटेलची बारावी पिढी आजही पुरेल. इंटेलने २०२४ पासून ‘कोअर अल्ट्रा’ अशी नवी नावे काढली आहेत, त्यामुळे वर्षाचा हिशेब थोडा अवघड झाला. दुकानदाराला सरळ विचारावे, ‘हा कोणत्या साली निघाला?’ उत्तर देताना तो घुटमळला तर समजावे.

कार्ड ‘४ जीबी’ आहे, म्हणजे किती ताकदीचे?

प्रोसेसरच्या बाबतीत निदान चार लोक सावध असतात. कार्डाच्या बाबतीत बहुतेकांची फसगत होते, कारण जीबी हा आकडा मोठा म्हणजे कार्ड मोठे असे वाटते. जीबी म्हणजे ट्रॉलीचा आकार; ट्रॅक्टर किती अश्वशक्तीचा आहे ते त्यावरून कळत नाही. जीटी ७३० हे २०१४ सालचे कार्ड ४ जीबीत मिळते, आणि जीटीएक्स १६५० हे २०१९ सालचे कार्डही ४ जीबीचेच. पहिल्याच्या ट्रॉलीला छोटा पॉवर टिलर जोडला आहे असे समजा. ते व्हिडिओ दाखवायला ठीक, खेळाला नाही. स्वस्त संचात पहिले असते.

नाव सारखे पण माल वेगळा, असेही होते. आरटीएक्स ३०५० हे कार्ड जानेवारी २०२२ मध्ये ८ जीबीचे म्हणून आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच नावाने ६ जीबीचे काढले. फरक नुसता दोन जीबीचा नाही, आतले चित्र काढणारे भागही कमी केलेले आहेत. ६ जीबीवाले वाईट आहे असे नाही. ते अवघी सत्तर वॅट वीज खाते, त्याला वेगळी वीजजोडणी लागत नाही. पण मोठ्याचा भाव देऊन धाकटे घरी आणू नये.

मग काय घ्यावे? पडदा नेहमीचा १९२० गुणिले १०८० चा असेल तर आरटीएक्स ४०६० किंवा ५०६०, नाही तर एएमडीचे आरएक्स ६६०० किंवा ७६००, एवढ्यात बहुतेक घरांचे काम भागते. ही सगळी ८ जीबीची आहेत. नवे जड खेळ आता ८ जीबीलाही अपुरे म्हणू लागले आहेत. तेव्हा हात थोडा सैल सोडता येत असेल तर आरटीएक्स ५०६० टीआय किंवा आरएक्स ९०६० एक्सटी यांची १६ जीबीची आवृत्ती पाहावी. ही दोन्ही कार्डे ८ आणि १६ अशा दोन्ही प्रकारांत मिळतात, तेव्हा बिलावर आकडा लिहून घ्यावा. संचाच्या एकूण किमतीपैकी निदान तिसरा हिस्सा कार्डावर गेला पाहिजे, असा माझा ठोकताळा आहे. सत्तर हजारांच्या संचात कार्ड सात-आठ हजारांचे निघाले तर तो गेमिंग संच नव्हे, दिवे लावलेला ऑफिसचा संगणक आहे.

वापरलेली कार्डे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि इतरत्रही मिळतात. इथेरियम नावाचे आभासी चलन सप्टेंबर २०२२ पर्यंत अशा कार्डांवर ‘खणले’ जात असे. ती कार्डे रात्रंदिवस चाललेली होती. पुढे ती बाजारात आली. सगळीच खराब नसतात, पण त्यांना तीन पाळ्यांत राबलेल्या मोटारीचा भाव द्यावा, नव्या मोटारीचा नव्हे. काही बदमाश तर जुन्या कार्डाच्या आत नव्याचे नाव भरून देतात, संगणकाच्या पडद्यावरही खोटेच नाव दिसते. ‘जीपीयू-झेड’ नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम चालवला तर अशी बरीच खोटी कार्डे तो ओळखून दाखवतो.

पॉवर सप्लाय: जे कुणी विचारत नाही

शेतकऱ्याला मोटार जळणे म्हणजे काय ते वेगळे सांगावे लागत नाही. रात्री लाइट आली, दाब कमी-जास्त झाला, स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले चालला नाही, की वाइंडिंग गेले. म्हणून मोटार कितीही चांगल्या कंपनीची असली तरी आपण स्टार्टर आणि केबल हलकी घेत नाही. संगणकातला पॉवर सप्लाय हा तोच स्टार्टर समजावा. घरातल्या २३० व्होल्टच्या विजेचे तो १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून आतल्या नाजूक भागांना देतो, आणि काही बिघडले तर आपण बंद पडून बाकीच्यांना वाचवतो. निदान चांगला असला तर. हलका असला तर स्वतः जळताना मदरबोर्ड आणि कार्ड यांनाही बरोबर नेतो.

तयार संचात हाच भाग सर्वांत हलका घालतात, कारण त्याचे नाव जाहिरातीत येत नाही. पेटीवर ‘४५० वॅट’ छापलेले असते. छापायला काय लागते? कंपनीचे नाव आणि मॉडेल पाहावे आणि ‘८० प्लस’ ची खूण शोधावी. ही खूण असलेला पॉवर सप्लाय घेतलेल्या विजेपैकी निदान ऐंशी टक्के कामी लावतो, बाकीची उष्णतेत जाते. ब्राँझ दर्जाचा घेतला तर आणखी बरे. मात्र खूण फक्त विजेच्या बचतीची आहे, संरक्षणाची हमी त्यात येत नाही, म्हणून तीन ते पाच वर्षे वॉरंटी देणारी नावाजलेली कंपनीच घ्यावी.

किती वॅटचा? आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट लागतात. आय ५-१२४००एफ जोरात चालताना ११७ वॅटपर्यंत जातो. बाकी पंखे, एसएसडी वगैरे धरून तीनशेच्या आतच काम भागते. तेव्हा चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा भरपूर झाला. दुकानदार ‘साडेआठशे वॅटचा टाकू’ म्हणाला तर ते पैसे कार्डाकडे वळवावे. वीजबिलाची धास्ती मात्र धरू नये. तीनशे वॅटने तीन तास खेळले तर एक युनिटही होत नाही.

आपल्या गावांत आणखी दोन गोष्टी लागतात. पहिली अर्थिंग. संगणकाच्या पत्र्याच्या पेटीला हात लावला आणि मुंग्या आल्या, तर बहुधा घरातल्या सॉकेटला अर्थिंग नाही. पॉवर सप्लायच्या आत गोंगाट गाळणारे कपॅसिटर असतात, त्यांतून येणारा किंचित प्रवाह जमिनीत जायला वाट लागते. दोन पिनांचे जोड काढून टाकावे आणि वायरमनकडून अर्थिंगचा खड्डा करून घ्यावा. वीस टनांचा ऊस घालून आणलेल्या वस्तूसाठी एवढे करणे भाग आहे. दुसरी गोष्ट यूपीएस. बाजारातला साधा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. त्यावर संगणक आणि पडदा जेमतेम चालतात, तोही खेळ चालू नसला तर. एक हजार व्हीएचा घ्यावा, आणि शक्य तर साइन वेव्ह देणारा. तो तासभर चालवण्यासाठी नसून दोन-पाच मिनिटांत काम आटोपून नीट बंद करण्यासाठी आहे, हे मुलांना बजावून सांगावे.

रॅम, एसएसडी आणि पेटी

रॅम १६ जीबी हवी, आणि ती आठ-आठच्या दोन पट्ट्यांत. दोन पट्ट्या असल्या की बैलजोडीसारखे काम होते. सोळाची एकच पट्टी घातली तर वेग निम्म्यावर येतो आणि काही खेळांत ते स्पष्ट जाणवते. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव एकदम चढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांकडून मेमरीला प्रचंड मागणी आली. तेव्हापासून तयार संचात रॅममध्ये हात आखडण्याचा मोह वाढला आहे. आठ जीबीची एकच पट्टी घालून संच उरकलेला आढळल्यास दुसरी पट्टी आत्ता केवढ्याला पडेल ते विचारून मगच सौदा करावा. पट्टीवर छापलेला वेग आपोआप मिळतोच असे नाही. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो नावाची सोय दुकानदाराकडून चालू करून घ्यावी.

एसएसडी एनव्हीएमई जातीची, जमल्यास एक टीबीची. एकेक मोठा खेळ शंभर जीबीच्या आसपास जागा खातो. २५६ जीबीत विंडोज आणि एक खेळ, की गोदाम भरले.

पेटीचे म्हणाल तर सगळी रोषणाई येथेच असते. समोरून अखंड काच आणि आत चार रंगीत पंखे, असे खोके फोटोत शोभते. पण समोरची काच हवा आत येऊ देत नाही. पंखे फिरतात आणि तीच गरम हवा घुसळतात. समोर जाळी असलेली पेटी घ्यावी, जाळीला काढून धुता येणारी धूळगाळणी असावी. आपल्या भागात हे जास्तच महत्त्वाचे. गाळप सुरू झाले की बॉयलरच्या धुराड्यातून उडणारी बगॅसची राख कारखान्याजवळच्या घरांत, वाळत घातलेल्या कपड्यांवर कशी बसते ते सगळ्यांना माहीत आहे. ती पंख्यांतही बसते. संगणक जमिनीवर ठेवू नये, आणि हंगामात महिन्याला एकदा ब्लोअरने साफ करावा. साफ करताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, वाऱ्याने ती भन्नाट फिरू देऊ नयेत.

कंपनीचा संच की दुकानदाराने जोडलेला?

मोठ्या नावाच्या कंपनीचा तयार संच घेतला तर विंडोज अधिकृत मिळते आणि बरेचदा वर्षभर माणूस घरी येऊन दुरुस्ती करतो. ही सोय खेड्यात फार मोलाची, पण आपल्या पिनकोडवर माणूस येतो का ते आधी विचारून घ्यावे. उणी बाजू अशी की अशा पुष्कळ संचांत मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय त्या कंपनीच्या खास मापाचे असतात. पुढे मोठे कार्ड घालायचे म्हटले तर बाजारातला पॉवर सप्लाय त्यात बसत नाही. एका भागासाठी सगळे बदलावे लागते.

दुकानदाराने जोडलेल्या संचात भाग सर्वत्र मिळणारे असतात आणि प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते. प्रोसेसर आणि कार्ड यांना साधारण तीन वर्षे. मात्र भाग बिघडला तर तो काढून सेवा केंद्राला पाठवायचे काम आपले किंवा दुकानदाराचे. म्हणून तालुक्याचा ओळखीचा दुकानदार हजार-दोन हजारांनी महाग पडला तरी परवडतो, असे मला वाटते. मूल शिक्षणासाठी पुण्याला वसतिगृहात जाणार असेल तर गोष्ट वेगळी, तेथे लॅपटॉपच बरा.

दुकानदार विंडोज ‘फुकटात टाकून देतो’ म्हणाला तर ते चोरीचे असते. ते चालू करायला जे प्रोग्रॅम वापरतात त्यांतून नको ते पाहुणे संगणकात शिरू शकतात. त्याच संगणकावर घरातले कुणी बँकेचे व्यवहार करणार असेल तर हा धोका पत्करू नये.

बिल, तपासणी आणि घरी आणणे

बिल जीएसटीचे, पक्के घ्यावे; संगणकावर १८ टक्के कर आहे आणि ‘बिलाशिवाय स्वस्त देतो’ म्हणणाऱ्याकडे नंतर वॉरंटी मागायला तोंड राहत नाही. बिलावर ‘गेमिंग पीसी, एक नग’ एवढेच लिहू देऊ नये. प्रोसेसर, मदरबोर्ड, कार्ड, रॅम, एसएसडी, पॉवर सप्लाय, पेटी, प्रत्येकाची कंपनी, पूर्ण मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर लिहून घ्यावा. खते घेताना पोत्यावरचे नत्र-स्फुरद-पालाश आपण वाचतो, त्यापेक्षा हे अवघड नाही. भागांची मोकळी खोकीही मागून आणावीत, वॉरंटीच्या वेळी लागतात.

पैसे देण्याआधी संगणक चालू करून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबायला सांगावे. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात प्रोसेसरचे पूर्ण नाव, रॅम किती आणि किती खाचांत बसवली आहे, कार्डाचे नाव, सगळे दिसते. ते बिलाशी ताडून पाहावे. मग मुलाला ज्या खेळासाठी संच घ्यायचा तोच खेळ अर्धा तास तिथेच खेळू द्यावा. वीस टनांचा सौदा आहे, अर्धा तास थांबायला हरकत नाही. गरम होऊन बंद पडायचा असेल तर तेथेच पडेल.

जीपमधून आणताना पेटी उभी ठेवू नये. कार्ड जड असते आणि एकाच खाचेत आडवे लटकलेले असते. खड्ड्यांतून आदळून खाच मोडते. पेटी अशी आडवी ठेवावी की आतले कार्ड उभे राहील, आणि खाली घोंगडी किंवा गादी घालावी. रस्ता फारच खराब असेल तर दुकानदाराला कार्ड काढून वेगळे बांधून द्यायला सांगावे.

घरी आणल्यावर पडद्याची वायर नीट जोडावी. पेटीच्या मागे वायर जोडायच्या जागा दोन ठिकाणी असतात: वर मदरबोर्डाच्या, आणि खाली आडव्या खाचेत कार्डाच्या. वायर कार्डालाच लावायची. वरच्या जागी लावली तर प्रोसेसरप्रमाणे पडदा एक तर काळा राहतो, नाही तर चित्र दिसते पण तीस हजारांचे कार्ड नुसते बसून राहते आणि खेळ रखडतो. १४४ हर्ट्झचा पडदा घेतला असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन तो आकडा आपण निवडावा लागतो, नाही तर तो साठवरच चालत राहतो.